भाताचा दाणा आणि टेरिलीनचा धागा

भिवपुरीच्या वीजघरात १९२२पासून घाटमाथ्यावरचं पाणी कोसळतं. टर्बाइन फिरवून झालं की ते पेज नदीतून राजनाला कालव्यात शिरतं, आणि ऐन उन्हाळ्यात कर्जत तालुक्यात हिरवीगार भातखाचरं दिसतात. खोपोलीच्या वीजघराचं पाणी मात्र पाताळगंगेला मिळतं. तिच्या काठी, खालापूर तालुक्यात, रिलायन्सच्या कारखान्यातून १९८२पासून पॉलिएस्टरचा धागा निघू लागला. एक नैसर्गिक पॉलिमर, एक कृत्रिम. पण दोन्ही घडण्याची रीत विलक्षण सारखी आहे.

भात निसवल्यावर काही दिवसांनी लोंबीतला दाणा नखाने दाबून पाहा, पांढरा चीक येतो. पानांत तयार झालेली साखर तिथे येऊन पोहोचलेली असते, आणि विकरं तिच्यातल्या ग्लुकोजचे रेणू एकापुढे एक जोडत असतात. प्रत्येक सांध्यामागे, हिशेबाअंती, पाण्याचा एक रेणू बाहेर पडतो. असे शेकडो-हजारो रेणू जोडले की झाला स्टार्च. साखळी जवळपास सरळ असेल तर अमायलोज, फांद्या फुटल्या तर अमायलोपेक्टिन. अमायलोज जास्त असेल तर भाताची शितं मोकळी राहतात, कमी असेल तर भात चिकट होतो.

पेंढ्यातलं सेल्युलोजही ग्लुकोजचंच. फरक एवढाच, की त्यात एकाआड एक ग्लुकोज उलटा बसतो. त्यामुळे साखळ्या ताठ होतात, शेजारीशेजारी बिलगून बसतात. आपल्या पोटातल्या विकरांना तो सांधा तुटत नाही. गुरांच्या पोटातल्या सूक्ष्मजीवांना तुटतो. तांदूळ माणसाला आणि पेंढा बैलाला, ही वाटणी त्या एका उलट्या सांध्याने केली आहे.

आता पॉलिएस्टर. १९४१मध्ये इंग्लंडात व्हिनफील्ड आणि डिक्सन या रसायनतज्ज्ञांनी टेरेफ्थॅलिक आम्ल आणि ग्लायकॉल जोडून ते बनवलं. टेरिलीन या नावाने ते घरोघर पोहोचलं. आम्ल आणि ग्लायकॉल जुळताना इथेही पाणीच निघतं आणि वाफ होऊन जातं. मग सुमारे २८० अंशांवर, निर्वातात, जादा ग्लायकॉल ओढून काढलं की साखळ्या लांबत जातात. तो दाट रस बारीक छिद्रांच्या चकतीतून दाबला, थंड करून ताणला, की धागा. दाण्यात हे काम विकरं शेतातल्या उकाड्यात गुपचूप उरकतात. कारखान्याला त्यासाठी भट्टी लागते.

ज्या सांध्यातून पाणी गेलं, त्यात पाणी परत घालून तो तोडता येतो. भात पचतो तो असाच. लावणीच्या वेळी अंगावर घेतात त्या प्लास्टिकच्या कागदाची, म्हणजे पॉलिथिनची, गोष्ट वेगळी. बांबू आणि पानांच्या इरल्याची जागा त्याने घेतली. १९३३मध्ये इंग्लंडातच, भलत्याच प्रयोगात ते अचानक हाती लागलं. इथिलीनचा दुहेरी बंध उघडतो, रेणू रेणूला लागतो, बाहेर काहीच पडत नाही. उरते ती कार्बनला कार्बन जोडलेली साखळी, जिच्यात पाण्याला शिरायला जागाच नाही. इरलं कुजतं, कागद बांधावर वर्षानुवर्षं पडून राहतो. म्हणून नैसर्गिक ते चांगलं, कृत्रिम ते वाईट ही सरधोपट विभागणी मला पटत नाही. सांधा कसला, ते आधी पाहावं.

पॉलिएस्टरचा सांधा तोडणारा जीवाणू जपानी शास्त्रज्ञांना साकाई शहरात बाटल्यांच्या कचऱ्यापाशी सापडला. २०१६मध्ये त्यांनी ते जाहीर केलं. चार वर्षांनी फ्रेंच संशोधकांनी सुधारून घेतलेल्या दुसऱ्या एका विकराने, ७२ अंशांवर, बाटल्यांचं ९० टक्के पॉलिएस्टर १० तासांत मूळ घटकांत मोडून दाखवलं. पण त्यासाठी त्या बाटल्यांच्या प्लास्टिकवर आधी प्रक्रिया करून त्यातली घट्ट रचना मोडावी लागली होती. शर्टाच्या ताणलेल्या धाग्यात साखळ्या पेंढ्यातल्यासारख्याच बिलगून बसलेल्या असतात, आणि तिथे विकराला सहजी शिरकाव मिळत नाही.