नितळ पाणी आणि निर्धोक पाणी

पावसाळा ओसरल्यावर दांडेलीहून पोटोळी-गुंदमार्गे उळवीपर्यंत डोंगरी सायकलीने जाणे हा एक अपूर्व आनंद आहे. काळी व्याघ्र प्रकल्पाच्या दाट अरण्यातून वाट चढत-उतरत जाते. थोडे आडवाटेला वळले की सिंथेरीचा सुमारे ३०० फूट उंचीचा एकसंध कातळ, त्यावर लटकलेली मधाची पोळी आणि पायथ्याशी फेसाळणारी कानेरी नदी पाहून चढणीचा शीण उतरतो. पुढे उळवी. बाराव्या शतकात कल्याणमधील उलथापालथीनंतर बसवण्णांचे भाचे चन्नबसवण्णा या अरण्यात आले. त्यांची समाधी येथेच आहे. माघातील यात्रेला भाविक आजही बैलगाड्या जुंपून येतात. जवळच ‘हरळय्यान चिलुमे’ आहे. कन्नडमध्ये चिलुमे म्हणजे झरा. चर्मकार शरण हरळय्या यांच्या नावाचे हे पाणी भाविक तीर्थ मानतात.

धबधबा असो वा झरा, घामाघूम झालेला सायकलस्वार नितळ पाणी दिसताच ओंजळ पुढे करतो. अशा वेळी मला माझा एक रुग्ण आठवतो. परीक्षेच्या तोंडावर कावीळ झालेला सोळा वर्षांचा मुलगा. “डॉक्टर, हा बाहेरचे काहीच खात नाही,” असे आई पुन्हा पुन्हा सांगत होती. बऱ्याच विचारपुशीनंतर तो म्हणाला, “सायकल सहलीत डोंगरातल्या एका धबधब्याचे पाणी प्यायलो होतो; पण त्याला महिना झाला.”

निदानाची किल्ली त्या ‘महिन्या’तच होती. हिपॅटायटिस ए या विषाणूचा शरीरात प्रवेश झाल्यापासून लक्षणे दिसेपर्यंत १५ ते ५० दिवस, सरासरी २८ दिवस जातात. तोवर सहल विस्मरणात गेलेली असते.

धबधब्याचे पाणी उघड्यावरून, गुरांच्या वाटांवरून व वस्त्यांजवळून वाहत आलेले असते. झऱ्याचे पाणी मातीच्या थरांतून सावकाश झिरपते, म्हणून ते तुलनेने स्वच्छ असते. परंतु खडकाला भेगा असल्या तर पाणी न गाळता वेगाने खाली येते. दांडेलीजवळच्या कवळा गुहेतील चुनखडीचे स्तंभ पाहिले म्हणजे पाणी खडकात कशा वाटा काढते ते उमजते. शिवाय झऱ्याच्या मुखाशी माणसांचे हातपाय व भांडी बुडतात. हिपॅटायटिस एचा विषाणू अवघा २७ नॅनोमीटरचा. त्याने पाणी गढूळ होत नाही, चवही बदलत नाही. सहलीत नेल्या जाणाऱ्या अनेक साध्या गाळण्यांतूनही तो निसटतो.

यात एक विरोधाभास आहे. सहा वर्षांखालील सुमारे ७० टक्के बालकांना या संसर्गाची लक्षणेच जाणवत नाहीत व त्यांना कायमची प्रतिकारशक्ती मिळते. मोठ्या मुलांत व प्रौढांत मात्र ७० टक्क्यांहून अधिक जणांना कावीळ होते. क्वचित यकृत निकामीही होते. म्हणजे शुद्ध पाण्यावर काळजीपूर्वक वाढविलेली आपली मुलेच कुमारवयात अधिक असुरक्षित ठरतात. दोष शुद्ध पाण्याचा नव्हे. त्या पाण्याला लसीची जोड न दिल्याचा आहे. वयाचे एक वर्ष पूर्ण झाल्यावर ही लस देता येते. लहानपणी राहून गेली असेल, तर कुमारवयातही अवश्य द्यावी.

सहलीला निघताना पुरेसे पाणी घरूनच न्यावे. संपलेच तर मिळालेले पाणी खळखळून एक मिनिट उकळावे, किंवा ते नितळ असल्यास क्लोरीनची गोळी टाकून अर्धा तास थांबावे. सोबत ओआरएसची पाकिटे ठेवावीत; मात्र पाकीट निर्धोक पाण्यातच विरघळवावे.

आणि वैद्यक व्यवसायातील मित्रहो, कावीळ झालेल्या कुमाराला “काल काय खाल्ले?” एवढेच विचारून थांबू नये. “गेल्या पन्नास दिवसांत कोठे कोठे गेलास, पाणी कोठले प्यायलास?” हेही विचारावे.

उळवीला जरूर जावे. चिलुमेचे पाणी डोळ्यांना लावावे, हात जोडावेत. तहान मात्र आपल्या बाटलीतील पाण्याने भागवावी. त्याने श्रद्धेला बाध येत नाही.