खाडीपुलावर ऐकलेलं नायगाव

भाईंदर सुटलं की विरार लोकल खाडीपुलावर चढते. चाकांचा खडखडाट, दारातला वारा, आणि त्यातच डब्यातली घोषणा: 'पुढील स्टेशन, नायगाव'. त्यातलं एखादं अक्षर खडखडाटात पार बुडालेलं असतं. तरी रोजच्या प्रवाशाला विचारा. 'नायगाव' अख्खं ऐकलं, असं तो शपथेवर सांगेल.

कानावर पडतं तेवढंच ऐकू येतं, हा आपला समज इथेच चुकतो. 1970 साली अमेरिकी मानसशास्त्रज्ञ रिचर्ड वॉरन यांनी ध्वनिमुद्रित वाक्यातला एक ध्वनी कापून तिथे खोकला बसवला. ऐकणाऱ्यांना शब्द पूर्ण ऐकू आला. खोकला नेमका कुठे आला, हेही सांगता येईना. खोकल्याऐवजी शांतता ठेवली, तर मात्र खाच लगेच कळते. म्हणजे गोंगाट इथे चक्क मदतीला येतो. आवाज तुटला नाही, नुसता झाकला गेलाय, असं धरून मेंदू ओळखीच्या भाषेतून ती जागा भरतो. भाषाच अनोळखी असेल, तर भरायला काही नसतं.

घंटेचं प्रकरण याहून चमत्कारिक. 1739 मध्ये वसई जिंकल्यावर मराठ्यांनी इथल्या चर्चच्या घंटा नेल्या. नाशिकच्या नारोशंकर मंदिराची घंटा त्यांतलीच मानतात. तिच्यावर 1721 हे साल आहे. आता, घंटेचा स्वर घंटेतच असणार, यात कसला गैरसमज? पण चर्चच्या मोठ्या घंटेवर टोल पडताच जो स्वर आपण पकडतो, त्याचं कंपन तिच्यात असेलच असं नाही. समजा, 600, 900 आणि 1200 हर्ट्झचे स्वर जोरात उमटले, तर या तिघांचा पाया 300, असा हिशेब मेंदू मांडतो आणि आपल्याला 300 चा स्वर 'ऐकू' येतो. जुन्या लँडलाइनवरही हेच व्हायचं. 300 हर्ट्झच्या खालचं त्या तारेवरून जवळजवळ काही जात नसे, आणि पुरुषी आवाजाचा मूळ स्वर तर 100 च्या आसपास. तरी फोनवर बाबांचा आवाज बाबांचाच वाटायचा.

डोळा म्हणजे कॅमेरा, हा समज कानाबद्दलच्या समजाहून चिवट आहे. हात लांब करून अंगठा धरा: त्याच्या नखाएवढ्याच जागेत आपल्याला बारकाईने दिसतं. म्हणून नजर सेकंदाला तीनेक उड्या मारते आणि उडीदरम्यानचं पुसट चित्र मेंदू दाबून टाकतो. आरशात आपल्याच एका डोळ्याकडून दुसऱ्याकडे नजर न्या. बुबुळं हललेली दिसणार नाहीत. शेजारी उभ्या माणसाला मात्र स्वच्छ दिसतील.

वसई रोडला खिडकीत बसलेलो असताना शेजारची गाडी हलते आणि वाटतं, आपलीच सुटली. याला आपण 'नजरचूक' म्हणतो. ते नजरेवर अन्याय करणारं आहे. खिडकीतलं दृश्य सरकतंय, एवढंच डोळ्यांनी कळवलं आणि ते खरंच होतं. आतल्या कानातल्या तोल सांभाळणाऱ्या अवयवाला फक्त वेगातला बदल कळतो. गाडी हळूच सुटली तर तो बदल इतका कमी, की कानाचं मौन मेंदूला खटकत नाही. आणि एरवी खिडकीभर दृश्य सरकतं ते आपण निघालो म्हणूनच. मेंदू तोच अंदाज बांधतो. मग शेवटचा डबा निघून जातो, पलीकडच्या फलाटाचा खांब जागच्या जागी दिसतो, आणि दांडीवर आवळलेली बोटं सैल पडतात.