डॉक्टरांची चिठ्ठी किती वेळां चालते?

धाराशिव जिल्ह्यांत तुळजापुरास डॉक्टरांनीं दिलेली चिठ्ठी महिन्याभरानें सोलापुरास दाखवून तेंच औषध पुन्हां घेतां येईल काय? ‘अनुसूची एच’मधील औषधांपुरतें कायद्याचें उत्तर नकाराचें आहे. १९४५ च्या औषध-नियमांतील ६५ व्या नियमाप्रमाणें चिठ्ठीवर डॉक्टरांची सही, तारीख, रोग्याचें नांव-पत्ता व औषधाचें प्रमाण हवें. लेखी सूचना नसल्यास तिच्यावर औषध एकदांच द्यावयाचें. विक्रेत्यानें आपलें नांव, पत्ता व दिनांक तिच्यावर नोंदवावा, म्हणजे पुढचा दुकानदार सावध होतो. २०१४ पासून ‘एच-१’ यादींतील कांहीं प्रतिजैविकांच्या व क्षयावरील औषधांच्या विक्रीची नोंदवही तीन वर्षें जपावी लागते. अकारण वारंवार घेतलेल्या प्रतिजैविकांना जंतु दाद देईनासे होतात. तेव्हां दुकानदारानें जुनी चिठ्ठी परत केल्यास घरच्या मंडळींनीं रागावूं नये. रोग्यास पुन्हां तपासून घ्यावें.