हलव्याचा व्हिडिओ आणि फ्रिजचं दार

सगळे बरे आहात ना? गुडघे, चष्मे, कवळ्या जागच्या जागी? मग बसा, आज थोड्या गप्पा मारू. नातवंडांनाही जवळ बोलवा, त्यांच्यासाठीही यात काम आहे.

मागच्या रोश हशानाच्या आधी आमच्या स्वयंपाकघरात मोठं शूटिंग झालं. आमची नात अकरा वर्षांची. तिनं ठरवलं की आजीचा चिकाचा हलवा यूट्यूबवर टाकायचा आणि त्यातून पैसे मिळवायचे. "आजी, लोक याच्यावर श्रीमंत होतात!" आमचे हे लगेच तिचे खजिनदार झाले. आम्ही जरीकाठाची साडी नेसून नारळाचं दूध आणि गव्हाचा चीक ढवळत उभ्या. हलवा कडेनं सुटेपर्यंत हात मोडून आला, पण थाळीत ओतला तेव्हा वड्या काय सुरेख पडल्या म्हणून सांगू!

संध्याकाळी सूनबाईनं तो व्हिडिओ पाहिला आणि म्हणाली, "आई, हलवा छान आहे, पण मागे फ्रिज बघा."

बघितलं, आणि आम्ही दोघं गप्पच झालो. फ्रिजच्या दारावर आमच्या गोळ्यांची यादी, डॉक्टरांच्या अपॉइंटमेंटचं कार्ड, पूर्ण पत्त्यासकट विजेच्या बिलाचं पाकीट, कॅलेंडरवर लाल पेननं 'फ्लोरिडा, १२ ते २०', आणि ह्यांना चष्म्याशिवाय दिसावा म्हणून मोठ्या अक्षरांत लिहिलेला कॉम्प्युटरचा पासवर्ड! चोराला फक्त चहा विचारायचा बाकी ठेवला होता. व्हिडिओ काही वर चढला नाही. फ्रिज पुसून काढला आणि दुसऱ्या रविवारी पुन्हा हलवा.

तेव्हापासून आम्हाला आमची मुंबईची चाळ फार आठवते. तिथे कसली आली प्रायव्हसी? कुणाकडे बिरडं शिजतंय, कुणाच्या मुलीला कुठलं स्थळ आलंय, सगळ्या मजल्याला ठाऊक. फोन खालच्या दुकानात, त्याचा पी.पी. नंबर सगळ्यांनी वापरायचा आणि बोलणं दुकानातल्या गिऱ्हाइकांनीही ऐकायचं. पोस्टकार्ड तर घरी येईपर्यंत दोघा-तिघांनी वाचलेलं असायचं. पण एक होतं. शेजाऱ्याला सगळं माहीत आणि परक्याला काहीच नाही. कुणी लबाड दारात आला की चार गॅलऱ्यांतून चार डोकी बाहेर यायची, "कोण पाहिजे?" आता नेमकं उलट झालंय. परक्याला आपलं सगळं माहीत आणि घरच्यांना काहीच नाही. आजचं बोलणं एवढ्यावरच आहे.

आधी कमाईचं सांगतो, कारण खजिनदार रोज विचारतात. तेरा वर्षांखालच्या मुलांची माहिती आईवडिलांच्या परवानगीशिवाय गोळा करायची नाही असा अमेरिकेत १९९८ सालचा कायदा आहे, म्हणून चॅनल सूनबाईच्या नावावर उघडलं. यूट्यूबच्या जाहिरातींत वाटा मिळायला एक हजार सबस्क्रायबर लागतात, शिवाय लोकांनी वर्षभरात आपले व्हिडिओ मिळून चार हजार तास पाहिलेले असावे लागतात. आमचा हलवा बारा मिनिटांचा. ह्यांनी हिशेब मांडला : वीस हजार जणांनी तो पहिल्या मिनिटापासून शेवटापर्यंत पाहायला हवा! त्यानंतर लांब व्हिडिओवरच्या जाहिरातीच्या पैशातले शंभरातले ५५ आपले, आणि शंभर डॉलर साठल्याशिवाय हातात काही पडत नाही. आज आमचे सबस्क्रायबर ६१. त्यात व्याही आणि विहीणबाईही आल्या. कमाई शून्य, खर्च दोन पौंड साखर आणि एक करपलेलं पातेलं. पण नात हलवा ढवळायला शिकली, ती कमाई वेगळी.

म्हणजे इंटरनेटवर पैसा मिळतच नाही असं नाही. मिळतो, पण मेहनतीनं आणि सावकाश. झटपट मिळतो तो दुसऱ्याला, आपल्या खिशातून. आणि फुकटच्या वस्तूचे पैसेही कुणीतरी भरतच असतं. २००४ साली जीमेल सुरू झालं तेव्हा यंत्र पत्रातले शब्द वाचायचं आणि त्याप्रमाणे शेजारी जाहिराती लागायच्या. ते थांबवत असल्याचं गूगलनं २०१७ साली जाहीर केलं. आमचा पोस्टमनही पोस्टकार्ड वाचायचा हो, पण त्यावर साबण विकत नव्हता!

आता जरा गंभीर गोष्ट. आमच्या ओळखीच्या एक ताई आहेत. नाव सांगणार नाही, गावही नाही, पण त्यांना विचारूनच लिहितो आहोत. त्यांच्या फोनवर निरोप आला : घरबसल्या हॉटेलांच्या फोटोंना शेरे द्या आणि रोज पैसे मिळवा. पहिल्या आठवड्यात खरोखरच साठ डॉलर आले. मग स्क्रीनवर 'तुमची कमाई' म्हणून आकडा वाढत गेला, पण तो काढायचा तर आधी थोडे भरा, मग आणखी थोडे भरा, आणि तेही क्रिप्टोमध्ये. असं करता करता ६,४०० डॉलर गेले. ताईंनी कुणालाच सांगितलं नाही. मुलगी रागावेल, जावई हसतील, समाजात बोलतील.

आठ महिन्यांनी आम्ही सगळ्या एका रविवारी जमलो होतो. नर्स रिटायर झाली तरी पिशवीतलं बी.पी.चं मशीन रिटायर होत नाही. ताईंचं बी.पी. निघालं १८८ वर १०४.

"ताई, गोळी घेता ना?"

"घेते की. अर्धी."

"अर्धी का?"

त्या काही बोलेनात. मग रडायलाच लागल्या. पैशाचा खड्डा भरून काढायला त्या एक बाटली दोन महिने पुरवत होत्या. मंडळी, लबाडानं घेतले ते डॉलर, पण लाजेनं त्यांचा जीव घेतला असता.

त्याच संध्याकाळी मुलीला फोन लावला. ती रागावली नाही. शेजारी बसून तिनं बँकेला कळवलं आणि सरकारच्या फेडरल ट्रेड कमिशनकडे तक्रार केली. पैसे परत आले नाहीत. गोळी मात्र अख्खी झाली. महिन्याभरानं बी.पी. १३६ वर ८०.

आणि ताई काही एकट्या नव्हत्या. अशी 'छोटी कामं करा' म्हणणारी फसवणूक २०२० साली या कमिशनच्या दप्तरात नव्हतीच म्हणा ना. २०२३ साली सुमारे ५,००० तक्रारी आल्या आणि २०२४ च्या पहिल्या सहा महिन्यांतच सुमारे २०,०००. एफ.बी.आय.च्या हिशेबानं २०२४ साली साठीच्या पुढच्या लोकांनी इंटरनेटवरच्या सगळ्या फसवणुकींत मिळून सुमारे ४.९ अब्ज डॉलर गमावले. त्यात डॉक्टर असतील, प्रोफेसर असतील. तेव्हा आपण मूर्ख ठरलो असं कुणी मनात आणू नये. एक नियम मात्र पाठ करा : पगार मिळण्यासाठी आधी पैसे भरायला सांगतात, ती नोकरी नव्हे.

आता आपल्या लोकांची एक खास अडचण. बँका विचारतात, आईचं माहेरचं नाव काय? जन्मगाव कोणतं? अहो, आपलं गाव तर आडनावातच लिहिलेलं! पेणकर, रोहेकर, चौलकर, नवगावकर. आणि माहेरचं नाव आपण लग्नाच्या बातमीत, श्रद्धांजलीत, वाढदिवसाच्या शुभेच्छांत आपण होऊनच छापतो, याच बुलेटिनमध्ये! तेव्हा त्या प्रश्नाला खरं उत्तर द्यायची गरज नाही. जन्मगाव 'तिळाचा लाडू' लिहा. कॉम्प्युटर छडी मारत नाही. फक्त काय लिहिलं ते वहीत टिपून ठेवा आणि वही कपाटात ठेवा, फ्रिजवर नको.

थुंकी पाठवून आपलं मूळ शोधायची हौसही आपल्यात बरीच. २०२३ साली ट्वेंटीथ्री अँड मी या कंपनीत चोर शिरले ते सुमारे १४,००० खात्यांतून, कारण त्या लोकांनी दुसरीकडून चोरीला गेलेलाच पासवर्ड इथेही ठेवला होता. पण नातेवाईक दाखवण्याच्या सोयीमुळे माहिती गेली सुमारे ६९ लाख लोकांची. २०२५ च्या मार्चमध्ये त्या कंपनीनं दिवाळखोरीचा अर्ज केला. आपल्यासारख्या लहान समाजात, जिथे एकाची आत्या ती दुसऱ्याची मावशी, तिथे एकाची थुंकी म्हणजे अर्ध्या समाजाची कुंडली! पाठवायची तर घरात विचारून पाठवा, आणि एक पासवर्ड दोन ठिकाणी नको.

आणि फोन! एका सकाळी फोनवर रडका आवाज, "ग्रँडमा, अपघात झालाय, डॅडला सांगू नकोस, पैसे पाठव." छातीत धस्स झालं. पण आमचा नातू आम्हाला 'आजी' म्हणतो. आम्ही मराठीत विचारलं, "काय रे, जेवलास का?" फोन कट! तेव्हा हसलो. आता मात्र आवाजावर विसंबू नका. थोड्याशा रेकॉर्डिंगवरून कॉम्प्युटर कुणाचाही हुबेहूब आवाज काढतो, असा इशारा याच कमिशननं २०२३ साली दिलाय.

हॉस्पिटलमध्ये आम्ही पेशंटला वर्षभर ओळखत असलो तरी गोळी देण्याआधी दोन गोष्टी तपासायचो : नाव आणि जन्मतारीख, तीही मनगटावरच्या पट्टीशी जुळवून. खोलीचा नंबर चालायचा नाही. फोनचंही तसंच. फोन ठेवा, मग आपल्या वहीतला नंबर आपण स्वतः फिरवा. बँकेचा असो, मेडिकेअरचा असो की नातवाचा. मेडिकेअरच्या कार्डावर पूर्वी सोशल सिक्युरिटी नंबर असायचा. २०१८ च्या एप्रिलपासून नवी कार्डं आली, त्यांवर तो नाही. जुनं पाकिटात राहिलं असेल तर कात्रीनं बारीक कापा.

मुलांनो, आता तुमचं काम. आजी-आजोबांना घेऊन इक्विफॅक्स, एक्सपीरियन आणि ट्रान्सयुनियन या तिन्ही ठिकाणी 'क्रेडिट फ्रीज' लावा, म्हणजे त्यांच्या नावावर दुसऱ्या कुणाला सहजासहजी कर्ज काढता येणार नाही. २०१८ च्या सप्टेंबरपासून ते सगळीकडे फुकट आहे. आणि एक वचन द्या : आजी फसली तर हसायचं नाही. हसलात की पुढच्या वेळी ती सांगणार नाही, आणि गोळी अर्धी करेल.

ज्यांना घरी सांगायचा धीर होत नाही, त्यांच्यासाठी ए.ए.आर.पी.ची हेल्पलाइन आहे : १-८७७-९०८-३३६०. ती फुकट आहे, सभासद असावं लागत नाही. पण खरं सांगायचं तर आधी आपल्या माणसाला सांगा. नंबर परक्यापासून लपवा, दुखणं घरच्यांपासून नको.

आमच्या घरात आता खुणेचा एक शब्द ठरला आहे. पैसे मागणाऱ्यानं तो आधी सांगायचा. शब्द स्वयंपाकातला, इंग्रजीत त्याला नाव नाही, अगदी पक्का! पण आमचे हे मागच्या शनिवारी सिनेगॉगमध्ये चार जणांना तो कौतुकानं सांगून आले. तेव्हा सध्या नवीन शब्दाचा शोध चालू आहे.

तूर्त एवढंच. तब्येत सांभाळा, आणि गोळी अख्खी घ्या!