गोचीड नखाने चिरडू नका

गेल्या आठवड्यात राहुरी भागातील एक शेतकरी दवाखान्यात आले. कानामागे गाठ आली म्हणून घाबरले होते. पाहतो तर रक्त पिऊन टम्म फुगलेली गोचीड! पंधरा दिवसांपूर्वी त्यांची संकरित कालवड गोचीडतापाने दगावली होती. "तेव्हापासून रोज वेचून नखाने चिरडतो, डॉक्टरसाहेब," ते म्हणाले.

गोचीडताप देशी गाईंपेक्षा संकरित जनावरांना अधिक घातक असतो. खूप ताप येतो, खांद्यापुढच्या गाठी सुजतात, रक्त कमी होते. तो माणसाला होत नाही. परंतु त्याच कुळातील गोचिडी क्रिमियन काँगो हा रक्तस्रावी ताप माणसाला देऊ शकतात. जानेवारी २०११ मध्ये गुजरातेत हा ताप देशात प्रथमच आढळला; रुग्णावर उपचार करणारे डॉक्टर आणि परिचारिकाही त्यात दगावले. जनावर मात्र आजारी दिसत नाही. गोचीड चावल्याने तसेच ती हाताने चिरडल्यानेही विषाणू शरीरात शिरतो.

म्हणून गोचीड रॉकेल किंवा विडीचा चटका न देता चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढावी. हात साबणाने धुवावेत. मादी गोठ्याच्या भेगांत हजारो अंडी घालते, म्हणून पशुवैद्यकांच्या सल्ल्याने जनावरांबरोबर गोठ्यातही औषध फवारावे, भेगा बुजवाव्यात.

आणि ताप आलाच, तर गोचीड चावल्याचे किंवा हाताळल्याचे डॉक्टरांना आठवणीने सांगा. आम्ही विचारायचे विसरलो, तरीही!