भिलारची घरे आणि शाळेचे कपाट

पाचगणीहून महाबळेश्वरकडे जाताना स्ट्रॉबेरीच्या शेतांमध्ये भिलार हे गाव लागते. ४ मे २०१७ रोजी ते ‘पुस्तकांचे गाव’ झाले. वेल्समधील हे-ऑन-वाय या गावावरून ही कल्पना सुचली. मात्र हे-ऑन-वाय हे जुन्या पुस्तकांच्या दुकानांचे गाव आहे, तर भिलारला पुस्तके विकत मिळत नाहीत. गावकऱ्यांनी आपल्या घराची एखादी खोली, ओटी किंवा पडवी पुस्तकांसाठी मोकळी करून दिली आहे. कोणीही यावे, बसावे, हवे ते वाचावे, पैसे पडत नाहीत. सुरुवातीला अशा पंचवीस जागा होत्या आणि पुस्तके सुमारे पंधरा हजार. पुढे या योजनेचा विस्तार करताना सांगली जिल्ह्यातील अंकलखोपचीही निवड झाली.

भिलारमध्ये विषयवार घरे आहेत. एका घरात कादंबऱ्या, दुसऱ्यात चरित्रे, आणखी एका घरात विज्ञान. शोधायला हे सोयीचे आहे, पण त्याचा एक तोटाही आहे. कादंबरीच्या घरात बसलेली मुलगी उठून विज्ञानाच्या घरात जाईलच असे नाही, कारण मध्ये रस्ता आहे. आपल्या शाळेतील कपाटात असा रस्ता नसतो, तरी आपण तो आखतो. वरच्या कप्प्यात गोष्टी, खालच्या कप्प्यात ‘माहितीपर’. मुले वरचा कप्पा रिकामा करतात आणि खालच्या कप्प्यावर धूळ बसते. मग आपण म्हणतो, मुलांना विज्ञान वाचायला आवडत नाही. मला हे निदान चुकीचे वाटते. गोष्ट वाचताना मुलाच्या मनात प्रश्न उभा राहतो, पण त्याचे उत्तर ज्या पुस्तकात आहे ते त्या क्षणी हाताशी नसते. म्हणून पुस्तके सुटी न देता जोडीने द्यावीत, एक कथा आणि तिच्याशेजारी एक माहितीचे पुस्तक. सातारा-सांगलीच्या शिक्षकांना या जोड्या दूर जाऊन शोधाव्या लागत नाहीत.

व्यंकटेश माडगूळकर हे आटपाडी तालुक्यातील माडगूळचे. १९५५ साली प्रसिद्ध झालेली त्यांची ‘बनगरवाडी’ पुष्कळ शिक्षकांनी वाचलेली असते, कारण तिचा नायकच एकशिक्षकी शाळेचा तरुण मास्तर आहे. धनगरांची ती वाडी दुष्काळात उठून जाते. आठवीच्या मुलाला तिथे विचारण्याजोगा प्रश्न एकच आहे: याच मुलखाच्या पश्चिमेला महाबळेश्वरी वर्षाला सरासरी पाच हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस कोसळतो, मग माणदेशात पाचशेच्या आसपासच का? पश्चिमेकडून येणारी दमट हवा सह्याद्रीला अडून वर चढते, थंड होते आणि तिच्यातील पाणी घाटमाथ्यावर पडते. पलीकडे उतरताना ती हवा दाबली जाऊन तापते. तापलेल्या हवेतले बाष्प सहजी पावसाच्या रूपात बाहेर पडत नाही. भूगोलाच्या पुस्तकात याला ‘पर्जन्यछाया’ म्हणतात आणि ते दोन ओळींत संपते. ‘बनगरवाडी’ वाचलेल्या मुलाला त्या दोन ओळी पुरत नाहीत, आणि पुरू नयेत.

माडगूळकरांचेच दुसरे पुस्तक म्हणजे ‘सत्तांतर’. १९८३ चा साहित्य अकादमी पुरस्कार त्याला मिळाला. ही वानरांच्या टोळीची कथा आहे. टोळीवरची सत्ता एका नराकडून दुसऱ्याकडे कशी जाते, हे त्यात आहे. साताऱ्याकडच्या डोंगरांत वानरे पाहिलेल्या मुलांना ते परके वाटत नाही. पण या कथेशेजारी ठेवायची हकिगत फार कमी जणांना माहीत असते, म्हणून ती जरा सविस्तर सांगतो.

१९६० च्या आसपास फिलिस जे या अमेरिकन अभ्यासिकेने उत्तर आणि मध्य भारतातील वानरटोळ्या पाहिल्या. तिला त्या शांत, भांडणतंटे न करणाऱ्या वाटल्या. त्यानंतर थोड्याच वर्षांनी युकिमारु सुगियामा हा जपानी संशोधक धारवाडजवळच्या जंगलात काम करत होता. त्याला वेगळेच दिसले. बाहेरच्या नरांनी टोळीच्या नायकाला हुसकावले, त्यांतील एकाने टोळी ताब्यात घेतली आणि टोळीतील तान्ही पिल्ले मारली गेली. एकाच जातीच्या प्राण्याबद्दल दोन भरवशाचे निरीक्षक इतके भिन्न कसे सांगतात? एक उत्तर असे आले की, गर्दी आणि माणसाचा उपद्रव यांमुळे बिघडलेले हे वर्तन आहे. १९७० च्या दशकात सारा हर्डी हिने अबूच्या पहाडावर वानरांचा अभ्यास केला आणि निराळे स्पष्टीकरण मांडले. पिल्लू अंगावर पीत असेतो मादी सहसा पुन्हा माजावर येत नाही. नव्या नराची सत्ता काही वर्षेच टिकते. आधीच्या नराची पिल्ले मेली तर माद्या लवकर माजावर येतात आणि नव्या नराला स्वतःची संतती मिळते. म्हणजे हा बिघाड नसून निसर्गनिवडीत टिकलेले वर्तन आहे.

यावर बरीच वर्षे कडाक्याचा वाद चालला. हर्डीचे म्हणणे खरे असेल तर मारणारा नर त्या पिल्लाचा बाप नसला पाहिजे, पण नुसत्या निरीक्षणातून बाप कोण हे कसे ठरवणार? नेपाळमधील रामनगर येथील वानरांच्या विष्ठेसारख्या नमुन्यांतून डीएनए तपासला गेला आणि १९९९ साली निष्कर्ष आले. हल्ला करणारे नर त्या पिल्लांचे बाप नव्हते. वादाला उत्तर मिळाले ते असे.

ही हकिगत वर्गात सांगताना एक पथ्य पाळावे. निसर्गात एखादी गोष्ट घडते म्हणून ती योग्य ठरत नाही. मुले हा प्रश्न हमखास विचारतात आणि तो टाळू नये.

तिसरी जोडी सोपी आहे. वीणा गवाणकरांचे ‘एक होता कार्व्हर’ १९८१ पासून मराठी घराघरांत आहे. गुलामगिरीत जन्मलेला हा कृषितज्ज्ञ १८९६ मध्ये टस्कीगीला आला आणि कापसाने निकस झालेल्या जमिनीत भुईमूग, चवळी घ्या, असे शेतकऱ्यांना सांगू लागला. (‘पीनट बटर’ त्याने शोधले, असे पुष्कळ ठिकाणी छापून येते. ते खरे नाही, त्याची पेटंटे त्याच्याआधीच इतरांनी घेतली होती. पण कार्व्हरचे मोठेपण त्यावर अवलंबून नाही.) हे पुस्तक जुलैत द्यावे. ऑगस्टपर्यंत आपल्याकडचा खरिपाचा भुईमूग चाळीस-पंचेचाळीस दिवसांचा होतो. मुलांनी एक रोप मुळांसकट हलक्या हाताने खणून काढावे, माती धुवावी आणि मुळांवरची एखादी गाठ ब्लेडने कापावी. आत तांबूस-गुलाबी रंग दिसला तर गाठ काम करते आहे, असे समजावे. हा रंग आपल्या रक्तातील हिमोग्लोबिनच्या जवळच्या नात्यातील प्रथिनाचा असतो. हवेतील नायट्रोजन पकडणारे जिवाणूंचे विकर ऑक्सिजनने निकामी होते, म्हणून हे प्रथिन गाठीतला मोकळा ऑक्सिजन अत्यल्प ठेवते आणि जिवाणूंच्या श्वसनापुरताच पुरवते. वनस्पतीच्या मुळात रक्ताचा भाऊबंद सापडावा, याचे आश्चर्य मला आजही वाटते. एक खुलासा मात्र करावा. शेंगा आणि पाला सगळाच शेताबाहेर नेला तर जमिनीत मागे उरणारा नायट्रोजन थोडाच असतो.

जयंत नारळीकरांची कथा निवडताना मी ‘गंगाधरपंतांचे पानिपत’ निवडतो. पानिपतावर विश्वासराव गोळीतून वाचले असते तर पुढचा इतिहास कसा झाला असता, ही त्यातील कल्पना. इतिहासाच्या आणि विज्ञानाच्या शिक्षकांनी एकत्र बसून शिकवावी, अशी ती कथा आहे. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला नारळीकरांनी आपली पहिली विज्ञानकथा टोपणनावाने पाठवली होती. नाव पाहून बक्षीस मिळू नये, हा हेतू. निकाल लागला तेव्हा पहिला क्रमांक त्याच कथेचा होता. परीक्षकाला नाव न कळू देता लेखन तपासणे ही शास्त्रीय पद्धतच आहे, आणि विद्यार्थ्यांना ती या हकिगतीतून पटकन समजते.

पडताळा पाहायला साताऱ्याचेच वाई जवळ आहे. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींच्या नेतृत्वाखाली तेथे सुरू झालेल्या मराठी विश्वकोशाचा पहिला खंड १९७६ साली निघाला आणि विसावा २०१५ साली. मधली एकोणचाळीस वर्षे विज्ञान थांबले नव्हते. म्हणून कोणतेही माहितीचे पुस्तक हातात घेतले की आधी प्रकाशनवर्ष पाहायची सवय मुलांना लावावी. २००६ पूर्वीच्या पुस्तकात ग्रह नऊ असणारच. ते पुस्तक टाकाऊ नाही, ते कधीचे आहे एवढे ठाऊक असले म्हणजे झाले. साताऱ्याच्याच नरेंद्र दाभोलकरांची अंधश्रद्धेवरील पुस्तकेही याच कप्प्यात ठेवावीत. दावा कोणाचा, पुरावा काय आणि तो कोणी तपासला, हे विचारायला ती शिकवतात.

शेवटी कपाटाविषयी. कुलपाची किल्ली मुख्याध्यापकांच्या टेबलात असेल तर वरील एकही जोडी जमणार नाही. एखादे पुस्तक हरवेल, चारांची पाने निसटतील. तेवढा खर्च धरूनच चालावे. दोन पुस्तके एका सुतळीने बांधून एकत्र द्यावीत आणि आत एक कोरा कागद ठेवावा. वाचणाऱ्याने सारांश लिहायचा नाही, उत्तर न मिळालेला एक प्रश्न लिहायचा. तो कागद पुढच्या वाचकाला तसाच द्यायचा.

कृष्णाकाठच्या शाळांनी खालचा कप्पा रिकामा ठेवावा. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीच्या आयर्विन पुलाशी पाणी ५७ फुटांच्या वर गेले आणि शहरातील घरांबरोबर पुस्तकेही भिजली. भिजलेल्या कागदावर दोन-तीन दिवसांतच बुरशी धरते. पुस्तके उन्हात टाकू नयेत, पाने वेडीवाकडी होतात. सावलीत, पंख्याच्या वाऱ्यात उभी करावीत, दर थोड्या पानांमागे कोरा शोषक कागद घालावा आणि तो ओला झाला की बदलावा. ओली पाने ओढून सोडवू नयेत, सुकत आली की पुष्कळदा ती हलक्या हाताने सुटतात. गुळगुळीत कागदावरची रंगीत चित्रे मात्र एकदा चिकटून सुकली की सुटत नाहीत. ती पुस्तके आधी हातात घ्यावीत.