रक्ताचा देठ

1793 च्या सुमारास पुण्यात एका गाडीवानाला नवे नाक मिळाले. कावसजी हे त्याचे नाव. इंग्रजी फौजेचे बैल हाकणारा हा मराठा टिपूच्या कैदेत सापडला, तेव्हा त्याचे नाक व एक हात कापण्यात आला होता. विटा करणाऱ्या जातीतील एका कारागिराने त्याच्या कपाळाची त्वचा नाकाच्या आकारात सोडवली, खाली वळवली व नाकाच्या जागी बसवली; मात्र दोन भुवयांमधील अरुंद पट्टी त्याने तोडली नाही. लंडनच्या ‘जेंटलमन्स मॅगझीन’मध्ये ऑक्टोबर 1794 मध्ये हा वृत्तांत छापून आला. ती पट्टी सुमारे पंचविसाव्या दिवशी कापली गेली. तोवर नव्या नाकाला रक्त मिळत होते ते याच देठातून.

आजच्या ‘फ्लॅप’ शस्त्रक्रियेचे मर्मही हेच आहे. शय्याव्रण, तोंडाचा कर्करोग किंवा अपघात यांमुळे पडलेली पोकळी शेजारची त्वचा व मांस फिरवून भरली जाते. त्या भागाचे प्राण एखाद-दुसऱ्या रक्तवाहिनीत असतात. ती दाबली गेली, पिळली गेली वा तीत गुठळी झाली, तर काही तासांतच ऊती मरू लागतात.

माझ्याकडे नांदेडला येणारे एक आजोबा पक्षाघाताने अंथरुणाला खिळलेले होते. त्यांच्या माकडहाडावरील शय्याव्रणावर फ्लॅप बसवला होता. लातूरहून पाहुणे भेटीस आले म्हणून घरच्यांनी त्यांना दुपारभर पाठीवर, उशांना टेकवून बसवले. सायंकाळी सूनबाईंचा फोन आला, ‘‘डॉक्टर, ती जागा निळसर दिसतेय.’’ मी म्हणालो, ‘‘उद्या सकाळी दाखवा.’’ सकाळी कड काळी पडलेली होती. निम्मा फ्लॅप गेला, आजोबांना पुन्हा शस्त्रक्रियेला सामोरे जावे लागले. ते ‘उद्या’ मला अजून टोचते.

म्हणून सांगतो, फ्लॅप फिकट व गार पडला तर रक्त आत येत नाही असे समजा; निळा-जांभळा व फुगलेला दिसला तर आलेले रक्त बाहेर पडत नाही. आपल्या सावळ्या त्वचेवर रंगातील फरक लवकर उमगत नाही, तेव्हा स्वच्छ हाताने शेजारच्या त्वचेशी ऊब ताडून पाहा. दुखत नाही म्हणून निर्धास्त राहू नका, तिथे संवेदना बहुधा नसतेच. याच कारणाने गरम पिशवीने शेकणे धोक्याचे. भाजले तरी रुग्णाला कळत नाही.

तंबाखूविषयी थोडे कठोर बोलतो. निकोटिनने सूक्ष्म रक्तवाहिन्या आकसतात. आजोबांची विडी आपण हिसकावून घेतो, पण आजींच्या मिश्रीकडे कोणी पाहत नाही. तीही तंबाखूच आहे. मधुमेह असल्यास साखर आटोक्यात हवी.

कूस बदलण्याच्या वेळा शल्यचिकित्सकांकडून लिहूनच घ्या. प्रत्येक वेळी त्याच उजेडात मोबाइलवर छायाचित्र काढा. रंग बदललेला दिसला तर रात्रीचे दोन वाजले असले तरी शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णालयात फोन लावा. आम्हा फॅमिली डॉक्टरांना नंतर कळवले तरी चालेल.